नवतप्यात खोलीतली मिरचीची रोपं

मृगाचा पाऊस नीट जिरल्यावर, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात मिरची लावायची, तर बी १५ मेच्या आसपास टाकावंच लागतं. रोप तयार व्हायला ४० ते ४२ दिवस जातात. आणि विदर्भातला मे कसा असतो ते सांगायला नको. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४६-४७ला टेकतो, २५ तारखेच्या आसपास नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, दुपारच्या हवेत ओल नावालाही नसते. अशात गादीवाफ्यावर टाकलेलं बी अर्धंमुर्धं उगवतं, आणि जे उगवतं त्यावर पांढरी माशी अन् फुलकिडे टपलेलेच असतात. ऑगस्टमध्ये दिसणारा बोकड्या, म्हणजे पानं आक्रसवणारा रोग, पुष्कळदा रोपासोबतच वावरात गेलेला असतो. भिवापुरी मिरचीचं घरचं बी जपायचं तर हा धोका पत्करता येत नाही. म्हणून पाव एकराची रोपं आम्ही घरातल्या खोलीत, दिव्याखाली काढतो. त्याची सगळी पद्धत आकड्यांसह इथे मांडत आहोत.

आधी आवाका. चार फूट बाय दोन फूट अंतरावर एकरी ५,४४५ झाडं बसतात, म्हणजे पाव एकराला १,३६१. ९८ कप्प्यांचे १६ ट्रे घेतले की १,५६८ कप्पे होतात. घरचं बी ८७ टक्के उगवलं तरी गरज भागते. चार फूट लांब, दोन फूट रुंद, चार मजल्यांचा लोखंडी अँगलचा एक रॅक पुरतो; एका मजल्यावर चार ट्रे बसतात. दोन मजल्यांत दीड फूट जागा ठेवा. एकरभराची रोपं मात्र खोलीत काढायच्या फंदात पडू नका. तेवढी वीज परवडत नाही, त्याला शेडनेटच बरं.

खोली निवडताना पहिली अट छताची. टिनाखालची खोली बाद, पश्चिमेची भिंत उघडी असलेली स्लॅबची खोलीही बाद. मातीच्या भिंतींचं, कवेलूचं जुनं घर असेल तर त्यातली मधली खोली सगळ्यात उत्तम. थर्मामीटर लावून दोन दिवस दुपारी तीन वाजता बघा. कूलर लावून तिथे ३० ते ३२ अंश मिळाले पाहिजेत. मिरचीचं बी २५ ते ३० अंशांत चांगलं उगवतं. ३५च्या वर उगवण घसरते.

आता उजेड, कारण खोलीतली निम्मी रोपं उजेडापायी बिघडतात. खिडकीजवळ ट्रे ठेवला की काम भागतं असं वाटतं, ते खरं नाही. बाहेर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो. खिडकीपासून हातभर आत तो एक-दोन हजारांवर येतो. आपल्या डोळ्याला फरक कळत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. रोप जुळवून घेत नाही. ते उजेड शोधत लांबत जातं, देठ सुतासारखा होतो. शेजारपाजारचे कौतुकाने म्हणतात, "मस्त वाढून राह्यलं न जी रोप!" पण ती वाढ नसते, उपासमार असते. चांगलं रोप पहिल्या पंधरा दिवसांत उंचीने फार वाढतच नाही, बुडाशी जाड होतं.

मिरचीच्या रोपाला पानावर किमान १२,००० लक्स लागतो, तोही १५-१६ तास. साधी चार फुटी, २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब साधारण २,००० ल्यूमेन देते. एका मजल्यावर अशा सहा ट्यूब लावल्या आणि तिन्ही बाजूंनी पांढऱ्या फ्लेक्सची उलटी बाजू किंवा पांढरा कागद लावला, की हा आकडा गाठता येतो. चार ट्यूबवर भागवलं तर रोप येतं, पण लेचंपेचं येतं. मोबाइलवरचं लक्स मोजायचं ॲप अगदी अचूक नसतं, तरी मधल्या ट्रेवर आणि कोपऱ्यातल्या ट्रेवर किती फरक पडतो हे त्यातून कळतं. तो फरक पडतोच, म्हणून दर दोन दिवसांनी कडेचे ट्रे मध्ये आणि मधले कडेला करायचे.

गुलाबी-जांभळा 'ग्रो लाइट' घ्या असं दुकानदार सांगतो. रोप त्याखालीही वाढतं, पण त्या उजेडात पानाचा खरा रंग दिसत नाही. पान पिवळं पडायला लागलेलं चार दिवस कळत नाही, आणि रोपाच्या वयात चार दिवस म्हणजे फार. ६,५०० केल्विनची पांढरी ट्यूब स्वस्त, तालुक्याला कुठेही मिळणारी, आणि रोग डोळ्यांना दाखवणारी. आमचं मत तिच्याच बाजूने आहे.

ट्यूब शेंड्यापासून १२ ते १५ सेंटिमीटरवर हवी. ट्यूब वरखाली करत बसण्यापेक्षा ट्रेखाली थर्माकोलचे दोन थर द्या आणि रोप उंचावलं की एकेक थर काढत जा. ट्यूबखाली तळहात उलटा धरून मिनिटभर बघा. चटका जाणवला तर ती फार जवळ आहे.

चोवीस तास दिवा ठेवला तर दुप्पट वाढ होईल हा हिशेब चुकीचा आहे. सतत उजेडात वांग्याची आणि टोमॅटोची पानं पिवळी पडतात, जागोजागी जळतात. मिरची त्यामानाने सोसते, तरी तिलाही आठ तास अंधार द्यावाच. हा अंधार कधी द्यायचा, हे मात्र आपल्या हातात आहे. आम्ही संध्याकाळी सहाला दिवे लावतो आणि सकाळी दहाला बंद करतो. २४ ट्यूब म्हणजे ४८० वॅट, आणि हे सगळं शेवटी उष्णता होऊनच खोलीत राहतं. ती भर दुपारच्या उकाड्यात कशाला घालायची? शिवाय अंधाराचा काळ उजेडाच्या काळापेक्षा गरम असला तर देठाची पेरं आखूड राहतात, तो फायदा वेगळा. खर्च धरा रोज पावणेआठ युनिट, वीस दिवसांचे दीडशेच्या आसपास. कूलरचे वेगळे.

टायमर घेताना चक्रीचा घेऊ नका. लाइन (वीज) गेली की तो जिथल्या तिथे थांबतो, लाइन आल्यावर तिथूनच पुढे चालतो, आणि गावठाण फीडरवर दिवसातून तीनदा लाइन गेली तर आठवड्याभरात दिवस-रात्र उलटी होते. आत छोटी बॅटरी असलेला डिजिटल टायमर वेळ धरून ठेवतो. एखाद्या रात्री तीन-चार तास उजेड गेला म्हणून काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून जास्त वेळ दिवे चालू ठेवण्याचीही गरज नाही.

रात्रीच्या दिव्यांचा एक तोटा आहे. गावभरचे किडे त्या खिडकीवर येतात. म्हणून खिडकीला साधी मच्छरजाळी चालत नाही, तिच्यातून पांढरी माशी आणि फुलकिडे आरामात आत येतात. शेडनेटवाल्यांकडे मिळणारी ४० किंवा ५० मेशची कीटकरोधक जाळी लावा. आणि कूलर विसरू नका! कूलर बाहेरची हवा ओढतो, तिच्यासोबत किडेही ओढतो. त्याच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्यांवर बाहेरून हीच जाळी ताणून बांधा आणि आठवड्यातून एकदा धुऊन काढा. धुळीने ती भरली की हवा कमी येते आणि खोली तापते.

कूलरवर जरा थांबून सांगणं भाग आहे. मेमध्ये बाहेर ४४ अंश आणि हवेत पंधरा टक्के ओल असेल तर चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. अट एकच, की खोलीतली हवा बाहेर जायला समोरची खिडकी अर्धी तरी उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात भिंती घामेजतात. झोत थेट रोपांवर सोडू नका. झोतासमोरच्या ट्रेचं पाणी निम्म्या वेळात उडतं. कूलर भिंतीकडे किंवा छताकडे वळवायचा, आणि रॅकच्या बाजूला एक छोटा टेबलफॅन सगळ्यात कमी वेगावर. पानं नुसती हलली पाहिजेत, फडफडली नाही पाहिजेत. या हलण्याने देठ जाड होतो. फॅन नसेल तर दिवसातून दोनदा वाळका, मऊ झाडू किंवा कागदाचा पुठ्ठा शेंड्यांवरून हलकेच फिरवा. वीस-पंचवीस वेळा पुरे, आणि पानं ओली असताना नाही.

पहिला पाऊस पडला की कूलरचा स्वभाव उलटतो. बाहेरच्या हवेतच ओल असल्याने तो गार करत नाही, नुसती दमट हवा आत टाकतो. मृगाची पहिली झड आल्यावर पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा. हे दोन दिवस उशिरा लक्षात आलं तर मर, म्हणजे रोप बुडाशी कुजून आडवं पडायचा रोग, लागलीच म्हणून समजा. सगळ्यात जास्त रोपं हातची जातात ती नवतप्यात जात नाहीत, या पावसाच्या पहिल्या आठवड्यात जातात.

आता बी टाकण्याकडे. पाच किलोची कोकोपीटची वीट फुगवली की वीस-पंचवीस ट्रे भरतात, म्हणजे १६ ट्रेला एक वीट पुरते. पण ती नुसती भिजवून भरू नका. नारळ समुद्रकाठचा, त्याच्या भुशात मीठ असतं, आणि ते विटेगणिक वेगळं निघतं. बारदान्यात घालून तीन वेळा साध्या पाण्याने धुवा. शेवटच्या धुण्याचं निथळलेलं पाणी पेनासारख्या ईसी मीटरने (पाण्यातले क्षार दाखवणारं यंत्र) मोजा. धुवायला घेतलेल्या पाण्यापेक्षा अर्ध्याहून जास्त वाढलेलं दिसलं तर आणखी एकदा धुवा. मग लिटरला दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट मिसळलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी पिळून काढा. कोकोपीट सोडियम आणि पोटॅश धरून बसलेलं असतं; कॅल्शियम त्यांची जागा घेतं. हे केलं नाही तर कोकोपीट पुढे रोपाच्या वाट्याचं कॅल्शियम स्वतःच ओढून घेतं, आणि नवी पानं वाकडी, टोकाला करपलेली येतात. तो बोकड्या समजून लोक औषध मारत बसतात. ओलीचा अंदाज साधा आहे: मूठ आवळली की बोटांच्या फटीत पाणी दिसावं, धार लागू नये.

ट्रे जुने असतील तर ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून, धुऊन, उन्हात वाळवा. बोटाच्या टोकाने प्रत्येक कप्प्यात अर्धा सेंटिमीटर खड्डा, एक बी, वर भुरभुरीत कोकोपीट. घरच्या बियाला किलोला पाच ग्रॅम या मापाने ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) चोळा. आपलं बी दहा-वीस ग्रॅमच असतं, तेव्हा चिमूटभर पुरते. पाकिटातलं रंगीत बी आधीच औषध लावलेलं असतं, त्याला पुन्हा काही लावायचं नाही. मग आठ-आठ ट्रे एकावर एक रचून वरून-बाजूंनी प्लास्टिक गुंडाळा. उजेड नको, पाणी नको.

पाचव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ प्लास्टिक उघडून मधला ट्रे ओढून बघायचा. कोकोपीटच्या चॉकलेटी भुशात एखादं पांढरट, वाकलेलं कमान दिसतं, शिवणाच्या धाग्याचा फास असावा तेवढं. दोन्ही टोकं अजून आत असतात. शंभरातल्या दहा कप्प्यांत अशी कमान दिसली की वाट बघायची नाही, त्याच तासाला सगळे ट्रे मोकळे करून दिव्याखाली न्यायचे. सगळे उगवू देत म्हणून रात्रभर थांबलात तर सकाळी त्या कमानी सरळ होऊन दोन-दोन इंच लांब, पांढऱ्या, वरच्या ट्रेच्या बुडाला टेकलेल्या मिळतील. ते रोप पुढे कधीच सुधारत नाही. काही रोपांच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकतं. ते नखाने ओढू नका, आतली पानं तुटतात. ओल्या बोटाने थेंब लावा, अर्ध्या तासाने ते सैल होतं.

पाण्याबद्दल सगळ्यात जास्त बोलावं लागेल, कारण घरात वाढवलेलं रोप तहानेने क्वचित मरतं. ते समोर दिसतं म्हणून प्रत्येक जण येता-जाता त्याला पाणी घालतो, आणि त्यानेच ते मरतं. आमच्याकडे पाणी द्यायचं ते वजन बघून. पूर्ण भिजवून निथळलेला ट्रे साध्या ताणकाट्यावर २ किलो ४०० ग्रॅम भरतो. तो १ किलो ७००वर आला की पाणी, त्याआधी नाही. म्हणजे एका वेळी ७०० मिलिलिटर. तुमच्या ट्रेचा आणि कोकोपीटचा आकडा वेगळा येईल, तो पहिल्या दिवशी मोजून भिंतीवर लिहून ठेवा. आठवड्याभरात हाताला सवय होते, काटा लागत नाही. वरून कोकोपीट फिकं, कोरडं दिसतं आणि आत चिखल असतो, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

पाणी खालून द्या. रुंद टबात दोन बोटं पाणी घेऊन ट्रे दहा मिनिटं टेकवायचा, उचलून निथळवायचा. वरची पातळ कोरडी कपची तशीच राहते, आणि मर रोगाच्या बुरशीला नेमकी तिथेच ओल हवी असते. छतावरच्या टाकीचं पाणी मेमध्ये थेट घेऊ नका. दुपारी हात बुडवता येत नाही इतकं ते तापलेलं असतं. रात्री रांजण भरून ठेवायचा आणि सकाळी तेच पाणी वापरायचं.

पाणी कोणतं, हाही प्रश्नच आहे. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात, बोअरचं पाणी रोपांना वापरूच नये. क्षार ट्रेमध्ये साचत जातात, पानांच्या कडा करपतात. गावातल्या आरओ प्लांटचा वीस लिटरचा कॅन आणून त्यात चौथा हिस्सा साधं पाणी मिसळा. १६ ट्रेला एका वेळी अकरा-बारा लिटर लागतं, म्हणजे खर्च फार नाही. इतर भागांतलं बोअरचं पाणी खारट नसलं तरी जड असतं. बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढतात ते पाणी. ते कोकोपीटचा पीएच हळूहळू साडेसातच्या वर नेतं. खूण ओळखा: शेंड्याची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार. हे लोहाची कमतरता दाखवतं, पण लोह कमी असतं असं नाही, रोपाला उचलता येत नाही. पाण्यात लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, चिमटी-चिमटीने घालून पीएचच्या पट्टीवर सहा-साडेसहा आलं की थांबा. जुनी, खालची पानं फिकी होत असतील तर मात्र ती नत्राची भूक आहे. दोन्ही पिवळेपणा एकच समजून युरिया टाकला की रोपं जळतात.

खताची घाई नको. दलांच्या दोन पानांत बियाची शिदोरी असते, पहिली खरी पानं उघडेपर्यंत ती पुरते. त्यानंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, चार पानांवर आल्यावर एक ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. मध्ये एका दिवशी कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम. दोन्ही एका बादलीत कधीच नाही; कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र आले की दुधासारखा साका खाली बसतो आणि रोपाला काहीच मिळत नाही. दर दहा दिवसांनी एकदा नुसतं साधं पाणी वरून सोडून साचलेले क्षार धुऊन काढा.

मर ओळखायला सकाळची वेळ चांगली. काल उभं असलेलं रोप आज आडवं पडलेलं असतं, पण पानं मात्र हिरवी, टवटवीत. म्हणून पाणी कमी पडलं असं वाटतं. खाली वाकून भिंगाने किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन देठ कोकोपीटमधून बाहेर येतो ती जागा बघा. तिथे देठ चिमटीत दाबल्यासारखा बारीक, पाणचट, तपकिरी झालेला असतो. वर-खाली ठीक, मध्येच केसाएवढा. ते रोप गेलं. तो कप्पा आणि त्याच्या चारी बाजूंचे कप्पे चमच्याने उकरून घराबाहेर टाका, गोठ्याच्या उकिरड्यावर नाही. राहिलेल्या ट्रेला कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम, बुडाशी ओतून. त्या ट्रेला आधी ट्रायकोडर्मा दिलेला असेल तर तो यात मरतो, हे धरून चला. ट्रायकोडर्मा पुन्हा द्यायचा तर निदान पंधरा दिवसांनी. आणि पाणी दोन दिवस बंद. औषधापेक्षा या पाणी बंद करण्याने मर जास्त थांबते.

ट्रेवर बारीक काळे चिलटं उडताना दिसले तर तेही जास्त पाण्याचंच लक्षण. उडणारे त्रास देत नाहीत. त्यांच्या काळ्या डोक्याच्या पांढऱ्या अळ्या कोकोपीटमध्ये कोवळी मुळं खातात. बटाट्याची चकती कापून रात्रभर ट्रेवर ठेवा, सकाळी उलटून बघा. अळ्या असतील तर चकतीखाली जमलेल्या दिसतात. पिवळे चिकट सापळे रॅकच्या प्रत्येक मजल्यावर लावावेतच. त्यावर रोज काय चिकटलंय ते वाचत गेलं तर खोलीत कोण शिरलंय हे चार दिवस आधी कळतं. पानं वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी ही बारीक कीड. पांढऱ्या कागदावर पान झटकून बघा, फुलकिडे असतील तर पिवळसर रेघांसारखे धावतात. एखाद-दुसऱ्या रोपावर असतील तर औषधाच्या आधी ती रोपं उचलून काढणं बरं.

आणि एक गोष्ट कडकपणे पाळा: खर्रा (तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण) खाणाऱ्याने हात साबणाने धुतल्याशिवाय या खोलीत हात लावायचा नाही. ही शिस्तीची किंवा स्वच्छतेची बाब नाही. तंबाखू आणि मिरची एकाच कुळातल्या. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या, कुटलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो आणि बोटांवरून रोपाला लागतो. खर्रा घोटणाऱ्या बोटांनी रोपं हाताळली की दोन आठवड्यांनी पानांवर हिरव्या-पिवळ्या ठिगळांची नक्षी दिसते, आणि त्यावर कोणतंही औषध नाही. मजूर असो की घरचे दादा-काका, दाराशी साबण आणि बादली ठेवा आणि सगळ्यांना सारखाच नियम लावा. तसंच सकाळी वावरात फिरून आलेल्या कपड्यांनी या खोलीत जाऊ नका. खोलीचं काम आधी, वावराचं नंतर. बाहेरचं वांग्याचं किंवा टोमॅटोचं एखादं रोप 'दोन दिवस राहू दे' म्हणून आत ठेवायचं नाही.

दिव्याखाली वीस दिवस झाले की रोप चार ते सहा पानांवर येतं, बुडखा आगपेटीतल्या काडीएवढा होतो. साधारण १२ जून. आता ते बाहेर काढायचं, पण एकदम नाही. खोलीतल्या पानावरचं मेणाचं आवरण पातळ असतं. पहिल्याच दिवशी ऊन लागलं तर दुपारपर्यंत पानावर कागदासारखे पांढरे डाग पडतात. पहिले दोन दिवस कडुनिंबाच्या सावलीत सकाळी तासभर, मग रोज तासाने वाढवत आठव्या दिवशी ५० टक्के शेडनेटखाली दिवसभर. या काळात नत्र बंद, पाणीही थोडं ताणायचं. दुपारी पानं किंचित नरमली तरी संध्याकाळी सावरतात. दिव्याखाली पानांना जोराच्या वाऱ्याची सवय नसते, तेव्हा वावटळीच्या दिवशी ट्रे भिंतीच्या आडोशाला घ्या. ट्रे जमिनीवर टेकवू नका. मुळं खालच्या भोकातून मातीत घुसतात आणि उचलताना तुटतात. दोन बांबूंवर अधांतरी ठेवले की मूळ हवा लागून तिथेच थांबतं, आणि कप्प्यातच दाट गड्डा होतो.

लागवडीची घाई पहिल्या सरीने करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वीतभर खाली ओल पोचली पाहिजे, नाहीतर वरच्या ओलीला भुलून लावलेलं रोप पुढच्या उघडिपीत वाळतं. ढगाळ दिवस किंवा चारनंतरची वेळ निवडा. लावायच्या दोन तास आधी ट्रे पूर्ण भिजवा. रोप देठाला धरून ओढायचं नाही. कप्प्याच्या बुडाच्या भोकातून पेन्सिल वर ढकला, मुळांचा गड्डा अख्खा बाहेर येतो. गड्ड्याचा वरचा भाग मातीने झाकला गेलाच पाहिजे. उघडा राहिलेला कोकोपीट वातीसारखं पाणी वर ओढून वाऱ्यावर उडवतो, आणि आजूबाजूची माती ओली असूनही रोप वाळतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ओळीतून फिरा. पानं ताठ असतील तर मुळं मातीला लागली. एखाद्याने मान टाकली असेल तर पाणी घालण्याआधी बुडाशी बोट घालून बघा, बहुतेक वेळा गड्डाच उघडा पडलेला सापडतो.